एक झाकण तेल

गाईच्या डाव्या कुशीवर, बरगडी संपते तिथल्या खळग्यात मूठ दाबून धरली की आतलं पोट हाताला लागतं. मिनिटाला एक-दोनदा ते वर येतं, मूठ उचलतं, परत खाली बसतं. म्हणजे आत चारा आंबतोय, ढवळला जातोय, जनावर ठीक आहे. जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून इतकी वर्षं काढली, रोज कुठल्या ना कुठल्या गाईवर ही मूठ ठेवतो. पण मूठ उचलली जाईपर्यंत जो वेळ जातो ना, तेवढ्यात मला दर वेळी लोधिवलीच्या वरच्या ठाकरपाड्यातली एक तांबडी गाय भेटते. मेलेली माणसं छळतात असं ऐकलं होतं. मला गाय छळते. हसा खुशाल.

ती गाय एका म्हाताऱ्या, एकट्या बाईची. पाड्यावर कुणाचं जनावर अडलं, फुगलं की आधी तिला हाक जायची, आमचा नंबर नंतर. तिच्या हाताला गुण आहे म्हणायचे सगळे. मला ते टोचायचं, खोटं कशाला बोलू?

तेव्हा आमच्याकडे वनस्पती तेलांचं एक मिश्रण नमुन्याला आलं होतं. लसूण, ओवा, निलगिरी. चाऱ्यावर थोडं शिंपडायचं. पोटात गॅस कमी होतो, खाल्लेलं अंगी लागतं. औषध वाईट नव्हे, आजही मी ते देतो. फक्त माप सांभाळावं लागतं. पोटात चारा आंबवणारे जे जंतू असतात, ते जास्त तेलाने मरतात, आणि मग गाय हिरव्या चाऱ्यासमोर उपाशी राहते.

नमुन्याच्या बाटल्या चार आणि मागणारे वीस. मी दीड शहाणा! पाण्याच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या, त्यांत तेल ओतलं आणि वाटत सुटलो. नमुन्यासोबतच्या कागदावर लिहिलं होतं तेच सगळ्यांना सांगितलं, "रोज एक झाकण." नमुन्याच्या बाटलीचं झाकण करंगळीच्या नखाएवढं होतं. पाण्याच्या बाटलीचं केवढं असतं ते घरात बघा. बाकीच्यांनी दोन-चार दिवसांत कंटाळून सोडून दिलं म्हणून त्यांची जनावरं वाचली. म्हातारीने एक दिवस चुकवला नाही.

दहा-बारा दिवसांनी निरोप आला, गाय खात नाही, रवंथ थांबलाय. मी जाऊन मूठ ठेवली. घड्याळ लावून तीन मिनिटं थांबलो. काही नाही. पिठाच्या पोत्यावर हात ठेवावा तसं. गोठ्यात ओव्या-लसणीचा वास घमघमत होता, तरी माझी ट्यूब पेटली नाही.

तेवढ्यात म्हातारी शेजारचा बैल घेऊन आली. बैल रवंथ करत होता. तिने त्याच्या तोंडात हात घालून चघळलेला हिरवा गोळा काढला आणि गाईकडे वळली.

"हे काय गं मावशी?"

"हिचा रवथ हारवलाय. बैलाचा उसना देते. आमी असंच करतो रं."

"टाक ते! एकाची लाळ दुसऱ्याला? रोगराई पसरवतेस?"

तिने गोळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टाकला. दवाखान्याच्या माणसाचा मान राखला. मी सुई टोचली, पावडर दिली आणि डोंगर उतरलो. तिसऱ्या दिवशी गाय गेली.

पंचनाम्याला गेलो तेव्हा खुंट्याजवळ बाटली दिसली. झाकणही दिसलं. तेव्हा कळलं माप कुठे चुकलं ते. कुणी बघायच्या आत बाटली पिशवीत टाकली आणि तोंड शिवून घेतलं. पाड्याने मात्र तोंड उघडलं. स्वतःची गाय राखता आली नाही ती दुसऱ्याची काय राखणार, हिच्या हाताचा गुण गेला. हळूहळू तिला हाक मारणं बंद झालं.

पुढे एका प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पोट बंद पडलं तर निरोगी जनावराच्या पोटातला रस द्या, काहीच नसेल तर तोंडातला रवंथ द्या. त्यातून चांगले जंतू परत पोटात जातात. सगळे वहीत उतरवत होते. मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी पाडा चढलो. ती अंगणात नाचणी पाखडत होती. झाकण, बाटली, बैलाचा गोळा, सगळं सांगितलं. रडलोसुद्धा. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे माझा हात बरोबर हुता?"

"बरोबर होता."

"गाय काय आता येत नाय. पण येवढं पाड्यावर सांग. शेजारणीची शेळी व्यायली तरी मला बोलवत नाय रं."

"सांगतो मावशी. रविवारी सगळे घरी असतात, तेव्हा येतो."

मी गेलो नाही. तक्रार होईल, चौकशी लागेल, नोकरी जाईल. शंभर कारणं होती, आणि खरं कारण एकच, मी घाबरलो.

नंतर शेळ्यांना लस टोचायला गेलेल्या सहकाऱ्याने सहज सांगितलं. त्या रविवारी म्हातारीने अख्खा पाडा अंगणात जमवला होता. डाक्टर येऊन सांगणार हाय, माझा हात बरोबर हुता, असं घरोघर सांगून आली होती. सगळ्यांना चहा दिला. दुपारपर्यंत माणसं बसली, मग एकेक करून उठून गेली.

आता पाडा तिला खोटारडी पण म्हणतो.