फ्रिजवाल्या काकांचं घर

दूध वर येत होतं आणि काजकाकू त्याच्याकडे बघत उभ्या होत्या. बघत होत्या म्हणजे डोळे तिकडे होते, एवढंच. साय फुगली, काठाशी आली, पातेल्यावरून उतरून बर्नरवर गेली, जळका वास सुटला, तरी त्यांचा हात काही गॅसकडे गेला नाही. शेवटी आतल्या खोलीतून लेक धावत आली आणि तिने गॅस बंद केला.

"आई, अगं समोर उभी आहेस ना?"

"बरं," काजकाकू म्हणाल्या.

नवरा गेल्यापासून हा एक शब्द त्यांना सगळीकडे पुरत होता. जेवतेस का? बरं. झोप लागली का? बरं. घर विकून टाकू या का? त्यालाही बरंच. लेकीला आधी वाटलं होतं, आई सावरली. मग लक्षात आलं, आईने नुसती मान डोलवायची सवय लावून घेतली आहे.

लेक ओटा पुसत होती तेवढ्यात दार वाजलं. दारात मिस्त्री होते, टोपी हातात, बुटांना डोंगरावरची लाल माती.

"वहिनी, डोंगरावरचं घर हवेच्या टेस्टला नापास झालं," ते म्हणाले. "काल पंखा लावून बघितलं. कुठून तरी वारा येतोय घरात. सगळ्या भिंती चाचपल्या, सापडत नाही. आता एकच खोली राहिलीय. कुलपाची."

काजकाकू आत गेल्या, खिळ्यावरची किल्ली काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

मिस्त्रींनी हात पुढे केला नाही. "त्याची हत्यारं आहेत त्यात. त्याच्या माघारी त्यांना हात लावायची माझी छाती नाही. तुम्ही चला."

"भाऊजी, मी येऊन काय करणार?"

"कुलूप उघडा. बाकीचं आम्ही बघतो."

"जाऊन ये ना आई," लेक म्हणाली. "मीही येते. आज पास झालं की ते घर घेणारे डॉक्टर नवराबायको होकार कळवतील. तो सर्टिफिकेटवरच अडलाय. मग तू सुटलीस, आणि चल आमच्याकडे."

"बरं," काजकाकूंनी चपला पायात सरकवल्या.

काजकाकू हे काही त्यांचं नाव नव्हे. खाली रस्त्यालगत त्यांचं दुकान, शिवण-दुरुस्तीचं. बटण काय, कुणीही टाचतं. पण काज हाताने करणाऱ्या गावात त्या एकट्याच उरल्या होत्या. चांगल्या कापडाला आपण होऊन भोक पाडायचं आणि ते उसवू नये म्हणून त्याच्या कडा टाक्याला टाका भिडवून बांधून काढायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. काका गेल्यावरही ते थांबलं नव्हतं. हात आपले आपण चालत. मध्यंतरी एका पांढऱ्या शर्टाला लाल ठिपका दिसला, तेव्हा कुठे त्यांना कळलं की सुई बोटात केव्हाच घुसलीय. दुखलं मात्र नव्हतं.

आणि काका फ्रिजवाले. गावातल्या प्रत्येक घरातला बंद पडलेला फ्रिज त्यांच्या हाताखालून गेलेला. सगळा जन्म दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात उकिडवं बसण्यात गेला, आणि उतारवयात या माणसाने डोंगरावर जमीन घेतली. जमीन कसली, नुसता उतार. खडक, काटेरी झुडपं, कडेने वाहणारा ओहोळ, आणि पाऊलवाट अशी की बकरीनेही दोनदा विचार करून पाय टाकावा. 'घर पाहावं बांधून' म्हणतात ते सपाटीवरच्या माणसांना. यांच्या घराची तर वीट न् वीट शेवटच्या वळणापासून खांद्यावर चढली.

"घर बांधताय की गिधाडाचं घरटं?" काजकाकूंनी विचारलं होतं.

"अगं, फ्रिज म्हणजे काय? गारवा कोंडलेलं कपाट," काका म्हणाले होते. "मी ऊब कोंडणार. फरक तेवढाच."

खरंच त्यांनी फ्रिजच बांधायला घेतला. खडकात पोलादी खांब रोवून वर सांगाडा उभा केला. भिंती हातभर जाड, आत कागदाचा भुसा ठासलेला. दक्षिणेला मोठ्या काचा, त्याही तिहेरी, म्हणजे हिवाळ्यातलं ऊन आत येईल आणि आलेलं बाहेर जाणार नाही. छतावर सोलरची पॅनेलं. ताज्या हवेसाठी एक यंत्र, जे वापरलेली हवा बाहेर टाकताना तिची ऊब काढून घेतं आणि नव्या हवेला देतं. आणि भिंतीच्या आतून सगळीकडे एक कापडासारखं अस्तर, ज्याला टाचणीएवढंही छिद्र पडलेलं काकांना खपत नसे. मिस्त्रींनी एकदा कॅलेंडर टांगायला खिळा ठोकला, तर काका दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

"अहो, दार लावलं की आतला दिवा जाणार का हो?" काजकाकू विचारायच्या. काका हसत नसत. या विषयावर त्यांना विनोद चालत नसे.

काचा बसल्या त्या दिवशी काजकाकू वर गेल्या होत्या. आपल्या शिवणाच्या खोलीत उभ्या राहिल्या, काकांनी खिडकी लावून घेतली, आणि ओहोळाचा आवाज कापल्यासारखा बंद झाला. कुणीतरी मागून येऊन दोन्ही कानांवर हात ठेवावेत, तसं.

"इथे मी बहिरी होईन," त्या म्हणाल्या.

"बहिरी नाही, निवांत होशील," काका म्हणाले. विषय तिथेच संपला.

त्यानंतर हिवाळ्याच्या तोंडाशी काका एका सकाळी वर गेले, काम करता करता भुशाच्या पोत्यावर टेकले, आणि मिस्त्री चहा घेऊन आले तेव्हा उठले नाहीत. राहिलेलं काम मिस्त्रींनी पुरं केलं. काजकाकूंनी हत्यारांच्या खोलीची किल्ली तेवढी मागून घेतली होती. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आता त्या पाऊलवाटेने चढत होत्या. लेक मागून सांगत होती, हळू, आई, इथे निसरडं आहे. मिस्त्री पुढे. दम लागला, घाम आला, ओहोळ वाजत राहिला. घर दिसलं. चांगलं दिसत होतं. काजकाकूंनी ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं पाहिलं आणि पायपुसण्यावर पाय पुसले.

मुख्य दारात दाराऐवजी लाल कापड ताणून बसवलेलं होतं, आणि कापडाच्या खालच्या बाजूला एक मोठा पंखा. त्याच्याशी खटपट करणारी टेस्टवाली पोरसवदा होती, केस आवळून बांधलेले. कापडाला बाजूने चेन होती, ती उघडून तिने सगळ्यांना आत घेतलं.

"काकू, हा पंखा घरातली हवा बाहेर ओढतो," ती म्हणाली. "मग बाहेरची हवा जिथे फट असेल तिथून आत घुसते. आपण फक्त हात फिरवायचा. तळवा नाही, मागची बाजू. तिला लवकर कळतं."

काजकाकूंनी कापडाची शिवण पाहिली. दुहेरी होती. ठीक होती.

शिवणाच्या खोलीचं कुलूप एका फेऱ्यात उघडलं. काकांनी तात्पुरती तिथे हत्यारं ठेवली होती. भिंतीवर लाकडी फळी, तिच्यावर पाने, पकडी, करवती, प्रत्येकाची जागा ठरलेली. खाली डबे. तेलाचा वास. लेक उंबऱ्यातच थांबली आणि तिने तोंड फिरवलं. काजकाकूंना काही झालं नाही. त्या वाट बघत होत्या, काही होतंय का. नाही झालं.

पंखा सुरू झाला. घर हळूच कण्हल्यासारखं वाजलं. सगळे भिंतींवरून उलटा हात फिरवू लागले. आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ मोठ्या माणसांनी मांडावा तसे. काजकाकूंचा हातही आपला फिरत होता. खिडकीची कड, कोपरा, फळीची कड.

तिथे थांबला.

"इथे," त्या म्हणाल्या.

टेस्टवालीने धुराची कांडी आणली. फळीजवळ नेल्याबरोबर धूर आडवा झाला. मिस्त्रींनी एकेक हत्यार उतरवलं. प्रत्येक वेळी ते काजकाकूंकडे बघत आणि त्या मान हलवत. मग फळी काढली.

भिंतीत पेल्याएवढं गोल भोक होतं. आत पाइप बसवलेला, बाहेरच्या तोंडाला जाळी आणि पाऊस आत येऊ नये म्हणून तिरकी टोपी. आतल्या तोंडात चिंध्यांचा बोळा. पाइपाभोवती अस्तराची कड चिकटपट्टीने बांधून काढली होती, तुकड्याला तुकडा भिडवून, कुठे सुरकुती नाही.

"वायर न्यायचीय म्हणाला होता मला," मिस्त्री म्हणाले. "कसली वायर? मी एक खिळा ठोकला तर माझं तोंड बघत नव्हता, आणि हा स्वतः मनगटाएवढं भगदाड पाडून वर फळी टांगून गेला. लबाड माणूस."

टेस्टवालीने बोळा ओढून काढला. काजकाकूंच्या दुकानातली कापडाची कात्रणं होती. पंखा तिने थांबवला, तशी खोली शांत झाली आणि पाइपातून ओहोळ ऐकू आला. बारीक, पण अगदी कानाशी.

भोक कमरेच्या वर, छातीच्या खाली होतं. त्याच्याखाली जमिनीजवळ शिलाई मशीनसाठी काढून ठेवलेला प्लग. मशीनवर बसलं तर भोक कानाच्या उंचीवर येत होतं.

काजकाकूंनी एक डबा ओढला आणि त्याच्यावर बसल्या. बरोबर येत होतं.

"बाबांनी हे..." लेक म्हणाली आणि थांबली.

"सोपं आहे," टेस्टवाली म्हणाली. तिने फटी बुजवायच्या फोमची बंदूक हलवली. "पाइप भरून टाकते, वाळलं की पुन्हा पंखा लावू. नक्की पास होईल."

"भरून टाका," लेक म्हणाली. "बरं ना, आई?"

सगळे त्या एका शब्दाची वाट बघू लागले.

काजकाकूंनी हाताची मागची बाजू भोकापुढे धरली. पंखा बंद होता तरी बाहेरची हवा थोडी थोडी येत होती. गार होती. चांगलीच गार होती. त्या हात तसाच धरून बसल्या. मग पाइपाच्या कडेवरून बोट फिरवलं, पट्टी सुरू झाली तिथपासून संपली तिथपर्यंत.

"झाकण घट्ट बसलं तर वारा येईल का गं?" त्यांनी टेस्टवालीला विचारलं.

"नीट रबर लावलं तर नाही येणार. पण काकू, घेणाऱ्यांना त्याचा काय उपयोग?"

काजकाकूंनी लेकीकडे पाहिलं. लेक त्यांच्याकडे बघत होती. मिस्त्री टोपी चुरगाळत उभे होते.

"त्या डब्यात फ्रिजच्या दाराचं रबर असेल, भाऊजी," काजकाकू म्हणाल्या. "हे बुजवू नका. याला झाकण लावा. मला आतून उघडता येईल असं."