धुतलेल्या पत्तीचा चहा

बायको साकेत नगरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ड्युटीवरून आली की तोंड उघडण्याआधी तिला चहा लागतो; दिवसाचे सहा कप तरी होतात. मी मंडीदीपच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे अर्धवट ज्ञान मला पगारासोबतच मिळतं. चहाच्या मळ्यात किडीसाठी फवारलेली जी औषधं पाण्यात सहज विरघळतात ती उकळताना पत्तीतून चहात उतरतात, आणि न विरघळणारी बरीचशी पत्तीतच राहतात, हे कळल्यापासून मी तिचे कप मोजू लागलो. ती आजारी पडेल म्हणून मी खरंच घाबरलो होतो.

मग तिला घाबरवायला नको म्हणून कारण न सांगताच मी घरात कायदा केला. पत्ती आधी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं भिजवायची, ते पाणी फेकायचं आणि उरलेल्या पत्तीचा चहा करायचा. पहिल्याच दिवशी बायकोने एक घोट घेऊन कप बेसिनमध्ये ओतला आणि अबोला धरला.

तेवढ्यात नागपूरहून सासूबाई राहायला आल्या. त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि माझा कायदा मुकाट्याने मान्य केला. आठवड्याभरात बायको चहा पिऊन हसूबोलू लागली. माझा कप तसाच पांचट होता, पण मिसरोदच्या आमच्या शेजाऱ्यांना मी ऐकवायचो की सवयीने सगळं जमतं.

महिन्याभराने एकदा कपांची अदलाबदल झाली. माझ्या हाती आलं घातलेला, फक्कड, तांबूस चहा आला. मी म्हणालो, "बघा, धुतल्या पत्तीलाही चव येते."

"तो धुवणाचा हाय जी," सासूबाई म्हणाल्या. "इतकं रंगदार पाणी मोरीत फेकायचं का? आम्ही दोघी त्यातच दूध टाकतो. धुतलेली पत्ती तुमच्यासाठी ठेवतो, तुम्हाला आवडते म्हणून."

म्हणजे महिनाभर मी पत्तीतलं औषध नेमकं वेगळं काढून बायकोला पाजत होतो आणि स्वतः तेवढा शाबूत राहत होतो. मी रडायचाच बाकी होतो. मी दोघींना सगळं समजावून सांगितलं. बायको हसता हसता खुर्चीत बसली.

"मग तुम्ही पण हाच प्या," ती म्हणाली. "मागे एकटे राहून काय करणार?"

दुसऱ्या दिवशी चहा मीच टाकला. पत्ती धुतली नाही, पण औषध कमी उतरावं म्हणून अर्धंच मिनिट उकळला. ती ड्युटीवरून आली, एक घोट घेतला आणि कप माझ्यापुढे सरकवला. मी तो परत पातेल्यात ओतला आणि गॅस लावला.