खायचं आणि ठेवायचं

कुठलंही बी हाती आलं की मावशी ते आधी तळहातावर पसरायच्या. अंगठ्यानं एकदा इकडे, एकदा तिकडे. मग हलकीशी फुंकर. टरफलं उडाली की उरलेल्याचे दोन भाग व्हायचे. "हे खायचं, हे ठेवायचं." दुकानातून आणलेला भोपळाही त्यातून सुटत नसे. बेसिनवरच्या खिडकीत पेपर टॉवेलवर बिया वाळत पडलेल्या असायच्या. कशासाठी, असं विचारलं तर म्हणायच्या, "बी कुणी टाकतं होय गं?"

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. माझ्या ओळखीतली ही अमेरिकेतल्या शॉमबर्गची. मी ज्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहते, त्या घरातल्या दादांची आई. साताऱ्याकडच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. मावशींनाही पहिल्याच दिवशी सांगितलं.

"बरं झालं. आणि आता इथं कशात शिकतेस?"

"माणूस रानात गोळा करून खायचा, तो पेरायला कधी लागला, ते शोधतो आम्ही. जुन्या वस्त्यांत सापडलेल्या जळक्या बियांवरून."

"म्हणजे शेतीच की."

माझं तोंड उतरलं. शेतातून सुटावं म्हणून तर आईनं मला शिकवलं होतं.

मावशींना त्या घरात काही काम नव्हतं. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन धुवायचं. मग त्या चालायला जायच्या आणि येताना ओचा भरून आणायच्या. फुटपाथच्या फटीतली घोळ, पार्किंग लॉटच्या कडेचा माठ, पेट्रोल पंपामागचा चाकवत. दादा कपाळाला हात लावायचे. "आई, अगं ऑफिसमधली माणसं राहतात इथं. मी तुला स्टोअरमध्ये ड्राइव्ह करून नेतो ना!" नातू ताटात बघून म्हणायचा, "आजी, दिस इज वीड्स!" आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

चाकवत बघून मी मात्र उडाले. माझ्या मायक्रोस्कोपखाली होतं ते या चाकवताच्याच भाऊबंदांचं बी. काही हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी ते आधी रानातून ओरबाडलं, मग पेरलं. रानातल्या बीची साल जाड असते, ते जमिनीत दोन-दोन वर्षं झोपून राहतं. पातळ सालीचं लगेच उगवतं. पेरणाऱ्याच्या हाती तेच लागतं, पुढच्या वर्षी तेच पेरलं जातं. साल पातळ झाली की समजायचं, इथं माणसाचा हात लागला. जुन्या बीशी ताडून पाहायला मला आजचं रानातलं बी हवं होतं, निवडलेलं नाही, जसं झाडावर असेल तसं. सप्टेंबरपासून बारा ठिकाणी हिंडून मी ते जमवलं. बारा कागदी पिशव्या, प्रत्येकीवर ठिकाणाचं नाव. वाळायला म्हणून वरच्या डायनिंग टेबलावर ठेवल्या आणि लॅबला गेले.

परत आले तर पिशव्या घडी घालून एकावर एक. स्वयंपाकघरात धूर. मावशींनी बाराही पिशव्या एकत्र ओतून, पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणानं सगळं पाखडलं होतं. चहाच्या गाळणीनं बारीक-मोठं वेगळं केलं होतं. बारीक बी कढईत होतं.

"अगं, किती कचरा होता त्यात! राजगिऱ्यासारखं दिसलं म्हणून लाह्या करायला घेतल्या. फुटेचनात, करपल्या मेल्या." आणि वाटीभर मोठं बी पुढं करून, "हे ठेवायचं."

मी ओरडले. खूप ओरडले. माझ्या थीसिसचा चॅप्टर गेला, एक वर्ष गेलं, शिकलेल्या माणसाच्या वस्तूला न विचारता हात लावू नये, असं सगळं. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

मावशींनी गाळणी घासायला घेतली. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुझ्या त्या जुन्या बायकांनी न निवडताच पेरलं असंल व्हय?"

मी कढईत पाहिलं. काळं, फुगलेलं, तडकलेलं बी. लॅबमध्ये रोज बघते तसंच. तेव्हाही कुणा बाईच्या हातून असंच करपलं असणार, चुलीतच राहिलं असणार, म्हणून तर ते आमच्यापर्यंत टिकलं. आणि तिच्यावरही कुणी ओरडलं असेल का, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी साडीवर दादांचं जाकीट चढवून दारात उभ्या. "चल. कुठं कुठं उभंय अजून, मला ठाव आहे." थंडीनं झाडं वाळून गेली होती, पण शेंडे भरलेले होते. रेल्वेच्या कुंपणालगत, दुकानांमागच्या कचरापेट्यांजवळ, ऑफिसांच्या मागे. चार दिवसांत त्यांनी मला चौदा ठिकाणं दाखवली. प्रत्येक पिशवी भरली की मुद्दाम विचारायच्या, "फुंकर मारू?"

"नाही, मावशी!"

"नाही मारत बाई."

माझा चॅप्टर झाला. वाटीतलं निवडलेलं मोठं बी रानातल्या बीच्या शेजारी मोजायची कल्पना प्रोफेसरांना फार आवडली. ती कुणाची, हे मी आभारात लिहिलं आहे. मावशींना ते दाखवायचं होतं. थोडं बी मोजायला ठेवून वाटी मी परत दिली होती. नोव्हेंबरच्या शेवटी त्या गावी गेल्या. फेब्रुवारीत दादांना फोन आला. दादा गावी गेले, आईचं तेरावं करून परतले.

मे महिन्यात एका सकाळी दादा तणनाशकाचा स्प्रे घेऊन गॅरेजमागे गेले आणि तिथूनच मला हाक मारली. भिंतीलगत चाकवत उगवला होता. कोवळा, एका उंचीचा. वाऱ्यानं आलेलं बी कुठंही पडतं. हा सरळ ओळीत होता, वीत-वीत अंतरावर. जाण्याआधी कधी पेरला, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

दादा उकिडवे बसले. स्प्रे बाजूला ठेवला. एक पान तोडून चुरगाळलं, वास घेतला.

"भाजी होईल गं एवढ्याची," ते म्हणाले.

"होईल."

त्यांनी हात मागे घेतला. "नको. यंदा ठेवू."