ब्रेक ऑइलचा दसरा

मला विसरता येत नाही, आणि माफ करणं तर त्याहून जमत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा करायला नको.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका धर्मादाय दवाखान्याची गाडी चालवायचे. परदेशातून देणगी आलेली, चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली व्हॅन होती ती. मी आणि डॉक्टरबाई औषधांची खोकी घेऊन पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर जायचो. जिथे जीपवाले "पुढं नाय जायची" म्हणत माणसं उतरवून द्यायचे, तिथे आमची व्हॅन चिखलातून वर चढायची. माझे वडील देवळाली कॅम्पात लष्करी ट्रक चालवत आणि त्यांनी मला ट्रकवरच शिकवलेलं. या व्हॅनला तर पॉवर स्टीअरिंग होतं. म्हणजे इंजिन चालू असलं की एक पंप दाबाने तेल ढकलतो आणि वळवायचं निम्मं काम तेलच करतं. त्या काळी नाशकात हे लोकांना समजावून सांगावं लागे.

दवाखान्याच्या चिटणिसांना बाई स्टीअरिंगवर बसलेली खपत नव्हती. खरं कारण वेगळंच होतं, त्यांचा मेहुणा घरी रिकामा होता. मी टायफॉइडने रजेवर गेले, तेव्हा त्यांनी लगेच त्याला गाडीवर बसवला. मी परत आले तर स्टीअरिंग थोडं जड लागायला लागलं होतं. पावसाळा सरता सरता ते इतकं जड झालं की घाटातल्या वळणावर अंग टाकून ओढावं लागे, आणि घरी जेवताना घास उचलला की खांदा कळवळायचा. दुरुस्तीचं बोलले, तर चिटणीस सगळ्या नर्सबायांसमोर म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही, बाई. बाईमाणसाच्या दंडात जोर असून असून किती असणार? दसरा झाला की माणूस बदलू." मेहुणा शेजारी उभा राहून मिशीत हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी गेली असती तर मला पट्ट्या गुंडाळायला बसवलं असतं, आणि मनापासून येणारं माझं एकमेव काम हातचं गेलं असतं.

खंडेनवमीला, पूजेसाठी गाडी धुताना, मी बोनेट उघडलं. स्टीअरिंगच्या तेलाच्या डबीखालचा पत्रा मला वेगळा दिसला. त्याचा रंग भाजल्यासारखा फुगून सुटला होता. रंगाची अशी वाट ब्रेक ऑइल लावतं, हे वडिलांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. डबीचं झाकण काढलं. आत लाल तेल असायला हवं, तिथे पिवळट गढूळ काहीतरी होतं आणि त्याला ब्रेक ऑइलचाच वास होता. मी रजेवर असताना पातळी कमी दिसली म्हणून पठ्ठ्याने हाताला लागलं ते ओतलं होतं. त्याने आतले रबरी सील फुगतात, पंपाचा दाब जातो आणि मग सगळा भार चालवणाऱ्याच्या खांद्यावर येतो.

मी बोनेट बंद केलं आणि डॉक्टरबाईंकडेही ब्र काढला नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर चिटणिसांनी ते खोलीतल्या खोलीत मिटवलं असतं. मला ते अंगणात हवं होतं.

दवाखान्याचा दसरा ठरलेला असे. वर्षभर ज्याने गाडीचं तेलपाणी पाहिलं त्याने नारळ फोडायचा. मग चिटणीस पत्नीला शेजारी बसवून, चाकांखाली ठेवलेली लिंबं चिरडत गाडी फाटकाबाहेर काढणार. बाईने नारळ फोडायचा नसतो म्हणून ते दरवर्षी नाक मुरडत, पण डॉक्टरबाई तो माझ्याच हातात देत. त्या दिवशी विश्वस्त, नर्सबाया, झेंडूच्या पाट्या घेऊन आलेले मळेवाले, सगळे जमल्यावर मी म्हणाले, "यंदा हा मान माझा नाही. स्टीअरिंगमध्ये तेल ज्यांनी भरलं त्यांचा आहे."

मेहुणा छाती काढून पुढे आला. "मीच भरलं."

"कुठलं हो भरलंत?" मी अगदी गोडीत विचारलं.

"ब्रेकचं. नवीन डबा फोडून."

त्याने नारळ झकास फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

मग चिटणीस बसले. शेडमधून निघताच पूर्ण डावीकडे वळावं लागे. चाक वळेना. त्यांनी गाडी पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. लिंबांचा लगदा झाला. कपाळावरचं कुंकू घामाबरोबर नाकावर उतरलं. पत्नी खाली मान घालून बसल्या. मेहुणा खिडकीतून हात घालून चाक ओढायला लागला, तेव्हा एक मळेवाला म्हणाला, "सायेब, लय जड हे वाटतं." तिथून जे हसू फुटलं ते आवरेना. इतकं गोड हसू मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

हसणं ओसरल्यावर मी बोनेट उघडून विश्वस्तांना डबी दाखवली, सुटलेला रंग दाखवला, तिथे लाल तेल लागतं हे सांगितलं. कुणी काय ओतलं ते सांगायची गरज उरली नव्हती. डॉक्टरबाईंनी बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाल्या, "गाडी दुरुस्त करा. आणि चालवणार याच. नाहीतर पाड्यांवर मीही जाणार नाही."

पंप उघडला, सील बदलले, नळ्या बदलल्या, लाल तेल लालच बाहेर येईपर्यंत सगळं धुतलं. ते धुण्याचं काम मेहुण्याने करावं असा हट्ट मी धरला आणि तडीस नेला. तो कोपरापर्यंत तेलात असताना मी समोर स्टूल टाकून चहा प्यायले. पुढे कित्येक वर्षं चिटणीस दिसले की मी हात जोडून म्हणायचे, "नमस्कार साहेब, गाडी एकदम हलकी चालते." डॉक्टरबाई म्हणायच्या, पुरे आता. मला पुरेसं कधी वाटलंच नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी चिटणीस इंदिरानगरच्या घरी हृदयविकाराने गेले. अंत्ययात्रेला दवाखान्याची गाडी न्यायची ठरली. मी ती आत-बाहेर स्वच्छ धुऊन त्यांच्या दारात उभी केली. मेहुणा डोळे पुसत जवळ आला आणि म्हणाला, "ताई, आज तेवढी मी चालवतो."

"तू मागे बस, त्यांना धर," मी म्हणाले. "मी नेते."

अमरधाम स्मशानापर्यंत मी एकेक खड्डा चुकवत, हळू गाडी नेली. तिथे उतरल्यावर त्यांच्या पत्नीने माझा हात धरला. म्हणाल्या, किती मायेने आणलंत. माया नव्हती ती. त्यांना शेवटी माझ्याच हातून जावं लागत होतं, आणि तो रस्ता लवकर संपू नये असं मला वाटत होतं.