कुरियरच्या खोक्यातली हवा

काल चष्म्याची दोरी मागवली होती. ती आली मिक्सर मावेल एवढ्या खोक्यात! रागाने बडबडत मी ते खोकं उघडलं आणि एकदम मुलुंडचे, ऐंशीच्या दशकातले दिवस आठवले...

माझा धाकटा भाऊ सतीश दिल्लीला नोकरीला होता. तिथेच त्याने नीरूशी लग्न केलं. मुलगी पंजाबी, त्यामुळे आई फुगून बसलेली. नीरूचं नाव कधी घ्यायची नाही, म्हणायची, "सतीशची बायको."

आणि पहिल्या संक्रांतीच्या तोंडावर बघते तर काय, आई हलव्याचे दागिने गुंफायला बसली होती! हार, बांगड्या, बाजूबंद, मुकुट... मी विचारलं तर म्हणाली, "रीत आहे म्हणून करतेय. फार अर्थ काढू नकोस."

मी अर्थ काढलाच. हे दागिने सणाच्या आत पोचायलाच हवे होते, नाहीतर आई पुन्हा फुगून बसली असती. पोस्टाने वेळेत जाण्याची आशा नव्हती. मुकुट मोडू नये म्हणून टेबलफॅनच्या खोक्यात भरपूर कागदाचे बोळे कोंबले आणि स्टेशनजवळच्या नव्या कुरियर ऑफिसात गेले.

काउंटरवर गावकर नावाचे मालवणी गृहस्थ होते. त्यांनी खोकं काट्यावर ठेवलं, मग टेप काढून लांबी-रुंदी-उंची मोजली आणि जो आकडा सांगितला, तो ऐकून मी उडालेच.

"अहो, वजन किलोभरसुद्धा नाही!"

"बाई, विमानात जागा किती अडते, त्याचंपण वजन धरतात. काट्यावरचं आणि जागेचं, दोन्हीत जे जास्त, त्याचे पैसे. तुमचं हे बारा किलोत जातं."

"म्हणजे तुम्ही मला हवेचे पैसे लावताय? धिस इज डेलाइट रॉबरी!" आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी शिकवलेलं इंग्लिश अशा वेळीच तर कामी यायचं.

गावकर शांतपणे म्हणाले, "बाई, इंग्लिशीत भांडलात म्हणान खोको ल्हान होवचो नाय."

लहान खोकं घ्यावं तर मुकुटाचा चुरा. मी दोन मिनिटं धुमसले... आणि मग माझी ट्यूब पेटली. "याच खोक्यात मी बारा किलोपर्यंत सामान भरलं तर एक पैसा तरी जास्त घ्याल?"

"नाय. भरा ना."

"शब्द दिलात हं. ऑफिस बंद करू नका!"

तशीच घरी आले. कागदाचे बोळे फेकून दिले आणि आईला म्हणाले, "हवेचे पैसे भरायचेच आहेत, तर हवा कशाला पाठवू? काहीतरी मऊ आणि जड दे. दागिन्यांनाही आधार होईल."

आई जरा घुटमळली. मग आतल्या खोलीत गेली आणि ट्रंकेतून एक गोधडी घेऊन आली. कोरी करकरीत... तिच्या स्वतःच्या जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची.

मी बघतच राहिले. "ही कधी शिवलीस गं?"

"दुपारची. तू ऑफिसात असतेस तेव्हा." मग माझ्याकडे न बघता, "तिकडे थंडी फार असते म्हणतात. पाठवायची कशी, तेच सुचत नव्हतं."

पाठवायची कशी म्हणे! पण त्या दिवशी मी माझी तिखट जीभ आवरली. मुकुट गोधडीच्या मधोमध निजवला, कोपऱ्यांत तिळाचे लाडू, कुळथाचं पीठ आणि आईच्या हातचं मेतकूट. पत्ता लिहायला पेन उघडलं, तर आई मागून म्हणाली, "सतीशचं कशाला? नीरूचं नाव घाल."

गावकरांनी ते गच्च खोकं काट्यावर ठेवलं, काटा बघितला आणि मोठ्याने हसले. "बाई, तुम्ही कंपनी बुडवतलात!" दर मात्र तोच लावला... मी दोनदा तपासून घेतला.

पुढे दिल्लीहून फोटो आला. काळी साडी, डोक्यावर अख्खा मुकुट आणि खांद्यावरून चक्क गोधडी लपेटलेली नीरू! आई खूप वेळ फोटो बघत होती. म्हणाली, "वेडीच आहे नीरू. शोभेल आपल्या घरात."

कुरियरवाल्यांच्या दरांवर मी आजही चिडते, आणि चिडणारच. पण कालचं ते रिकामं खोकं टाकण्याआधी उगाचच आत हात फिरवून बघितला... कुणी काही भरलंय का म्हणून.