फ्रेंच पिक्चर मराठीत सांगणाऱ्या बाई

सरदेसाई बाई अंधारात बसून पिक्चर सांगायच्या. पडद्यावर फ्रेंच चाललेलं, खाली इंग्रजी अक्षरं पळत असायची, आणि हॉलच्या कोपऱ्यात टेबलाशी माइक धरून बाई मराठीत बोलायच्या, "आता तो म्हणतो, मी येणार नाही. ती म्हणते, नको येऊस, पण भाजी घेऊन जा." ती फ्रेंच बाई खरंच भाजीचं बोलली का, देवाला ठाऊक. आमच्या इंदूरच्या काकू लोकांचे डोळे मात्र भरून यायचे.

बाई महूच्या शाळेत फ्रेंच शिकवायच्या. रिटायर झाल्यावर स्नेहलतागंजमधल्या एका हॉलमध्ये दर वर्षी तीन दिवसांचा महोत्सव भरवायला लागल्या. सगळे पिक्चर फ्रेंच, आणि सगळे नव्या डायरेक्टरांचे. कोणाचा पहिला, फार तर दुसरा. मी त्या हॉलचा वायरमन, सातवीपर्यंत शिकलेला. पहिल्याच वर्षी मी विचारलं, "बाई, नावाजलेल्या लोकांचे सोडून हे शिकाऊ कशाला?" म्हणाल्या, "वामनभिया, पहिला पिक्चर माणूस घाबरत घाबरत करतो, म्हणून खरा करतो. हुशारी नंतर येते."

त्यांच्या टेबलावरची बत्ती मी केलेली. बिस्किटाचा डबा कापून तिला टोपी बसवली होती, म्हणजे उजेड कागदावर पडावा, पडद्यावर जाऊ नये. जरा हलली की म्हणायच्या, "बत्ती कागदावर हवी, भिया, माझ्या नाकावर नको. नाक लोकांनी पाहिलंय." खेळाच्या आदल्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये त्या अख्खा पिक्चर एकदा सांगून बघायच्या. ऐकायला मी एकटा. मी जांभई दिली की तिथे कागदावर काट.

माझी बायको कुमुद गेली त्याला दोन वर्षं झाली. तिचं दुखणं शब्दांपासून सुरू झालं. आधी चमचा गेला. "ते द्या ना, ते, ढवळायचं," म्हणायची आणि मी हसायचो. म्हातारी झालीस, म्हणायचो. वर्षभर हसलो. मग गॅस बंद करायचं गेलं, राजेंद्र नगरातलं आमचं घर गेलं, शेवटी मी गेलो. मला म्हणायची, "भाईसाहब, बैठिए, हमारे ये आते ही होंगे." वर्षभर आधी आणायचं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते अजून कानातून जात नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. महोत्सवाचा दुसरा दिवस, चारचा खेळ. पिक्चर बापलेकीचा. बापाचा गावाबाहेर पेट्रोल पंप, लेक दहा वर्षांनी तो विकायला परत येते. आदल्या दिवशी बाईंनी झकास सांगितला होता. खेळात मात्र पंपाशी अडल्या. "तिच्या बाबांचं ते... गाडीला पाजतात ते." लोक हसले. मला कुमुदचा चमचा आठवला.

थकल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पुढे बाप नुसता खुर्चीत बसून राहतो, कोणी काही बोलत नाही. आदल्या दिवशी बाईही इथे गप्प होत्या. आता बोलत सुटल्या. "बाबा, मला होस्टेलात ठेवू नका. मी भांडी घासीन, पण घरी न्या." आवाज एकदम बारीक, लहान मुलीचा. पुढच्या रांगेतल्या कुलकर्णी काकू शेजारणीला म्हणाल्या, "हे फ्रेंच लोक तोंड न उघडता बोलतात काय हो?"

अजून दोन मिनिटं गेली असती तर सगळ्या हॉलला कळलं असतं. मी मेन स्विच पाडला.

"लो, गई लाइट," कोणी तरी म्हणालं. मी भिंत चाचपत बाईंपाशी गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"वामनभिया, मी काय बोलत होते?"

मी जन्मभर तोंडावर बोलणारा माणूस. पण तेव्हा ओठांवर आलं ते "काही नाही, लाइट गेली." कुमुदलाही वर्षभर हेच म्हणत होतो, काही नाही, काही नाही. मी ते गिळलं.

"पिक्चर सोडून दुसरंच बोलत होतात, बाई. होस्टेलचं. पंप म्हणायचंही आठवेना तुम्हाला. कुमुदचं असंच सुरू झालं होतं. पुण्याच्या मुलाला आजच फोन करा."

त्यांनी टेबलावरची बत्ती चाचपली, बटण दाबून पाहिलं.

"लाइट तुम्ही घालवलीत?"

"हो."

"मग आणा परत. आणि माइक घ्या. काल बघितलाय तुम्ही."

"मला इंग्रजी वाचता येत नाही, बाई, आणि तुमचा कागदही फ्रेंचमधला. भीती वाटते."

"मलाही वाटते. बसा."

उरलेला पिक्चर मी सांगितला. चुकलो की बाई मनगट दाबायच्या.

पुढच्या महिन्यात मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तपासण्यांत तेच निघालं. स्टेशनवर बाई म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलला असतात तर मी लगेच मानलं असतं, भिया. सोयीचं होतं." आता फोनवर कधी ओळखतात, कधी नाही. ओळखलं नाही तरी विचारतात, "बत्ती कागदावर आहे ना?"

यंदाचा महोत्सव पुढच्या शुक्रवारी. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने पिक्चर आणलेत, मराठी कागदही तिनेच लिहून दिलेत. माइकवर मी. रोज सकाळी स्वयंपाकघरात उभा राहून एकेका वस्तूचं नाव मोठ्याने घेतो. झारा, उलथनं, किसणी, चाळणी. काल सांडशीला वेळ लागला. ती हातात धरून उभा राहिलो, चहा उतू गेला.

कुलकर्णी काकूंना मेन स्विच कुठे आहे ते दाखवून ठेवलंय. मी भलतंच बोलायला लागलो तर तो पाडायचा, आणि अंधारात येऊन मला खरं काय ते सांगायचं.

काकू म्हणाल्या, "पण मला कळणार कसं, भिया?"

मी म्हटलं, "पडद्यावर तोंडं बंद असतील, आणि मी बोलत असेन."