फेट्याआधीचा गोटा

आमच्या घरात पहेलवान एकच होता, पण मिशी, खुराक आणि घमेंड अख्ख्या तालमीला पुरेल एवढी होती. आमचे हे गावच्या तालमीचे वस्ताद. म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं त्या सुमारास त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, आणि एका फेट्यासाठी त्यांचा जीव तळमळत होता.

तो फेटा दरसाल जत्रेत मिळायचा. ज्या तालमीची पोरं वर्षभरात सगळ्यांत कसलेली निघतील, तिच्या वस्तादाला पंच मैदानात फेटा बांधत. पण रीत अशी, की फेट्याआधी वस्तादानं तिथला दगडी गोटा छातीपर्यंत उचलायचा. शिकवणारा स्वतः किती पाण्यात आहे ते लोकांना कळायला नको? दरसाल फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर जायचा आणि हे घरी येऊन माझ्यावर राग काढायचे. पंच आंधळे, जत्रा भिकार, आणि आमटीत मीठ नाही.

त्या वर्षी मात्र आमच्या पोरांनी आसपासची सगळी मैदानं मारली. फेटा यंदा आपलाच, असं गाव बोलू लागलं. नेमका त्याच वर्षी यांना अंतर्गळ झाला. भालकीच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, ऑपरेशन करून घ्या, तोवर भरली घागरसुद्धा उचलू नका, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. ज्याची पाठ कधी मातीला लागली नव्हती, तो गडी ऑपरेशनचं नाव निघताच खिडकीबाहेर बघायला लागला. वाटेत मला बजावलं, की तालमीत कुणाला कळता कामा नये. वजन बघून मागं सरणाऱ्या पोरांना ज्यानं जन्मभर हिणवलं, त्यानं कुठल्या तोंडानं सांगावं?

मग मी दर्ग्याला जायला लागले. लिंगायताच्या बाईनं दर्ग्यात डोकं टेकवलं तर आमच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. फेटा दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे, एवढंच मी मागायची. बाकीच्या बायकांना वाटे, ही नवऱ्याच्या फेट्यासाठी झुरतेय. त्याही शेजारी बसून फेट्यासाठीच दुवा मागू लागल्या. त्या साऱ्याजणींपुढं माझ्या एकटीचं कोण ऐकणार, या विचारानं मला रडू यायचं.

जत्रेच्या दिवशी हे म्हणाले, चल. कुस्तीच्या मैदानावर आमच्या बायका जात नसत. मिरवायचं असेल मेल्याला, असं पुटपुटत मी गेले. यांनी मला पंचांच्या शेजारी, अगदी पुढं नेऊन बसवलं.

नाव पुकारलं ते आमचंच. हलगी कडाडली. हे उठले, धोतर खोचलं, गोट्याला हात जोडले आणि वाकले. मग पाय सरकवून घेतले, हाताला माती चोळली, पुन्हा वाकले. राहवेना तशी मी उभी राहिले आणि सगळ्यांदेखत बोलून गेले, "त्याहीला अंतर्गळ हाय. डाक्टरनं वजन उचलू नका म्हनलंय. फेटा ठिवा तुमच्यापाशी, मला माझा मानूस पायजे."

हलगी थांबली. आता हा माणूस जन्मात माझ्याशी बोलायचा नाही, असं वाटलं. तेवढ्यात गेल्या सालचा मानकरी, शेजारच्या गावचा दांडगा वस्ताद, कमरेवर हात ठेवून कण्हत उठला.

"अक्का," तो म्हणाला, "गेल्या साली कामून आली न्हाईस? माझी कंबर वाचली असती."

मैदान असं हसलं की पंचांनाही आवरेना. गोटा जागेवर राहिला आणि फेटा बांधला गेला. पुढं तो गोटा कुणालाच उचलावा लागला नाही. सरबतवाला त्याच्यावर टेकून बसायचा.

परतताना बैलगाडीत हे रस्त्याकडे तोंड करून बसले. मी कडेला सरकून बसले होते, पण मनातून इतकी मोकळी झाले होते की शिव्यासुद्धा गोड लागल्या असत्या. गाव दिसायला लागलं तसा त्यांनी फेटा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"कामून एवढा उशीर लावलीस?" ते म्हणाले. "तेवढ्यासाठीच तर तुला नेलतो. वाकून वाकून माझे गुडघे दुखायलेत."